हो की नाही: एका ओळीचा इतिहास

2005 सालच्या डिसेंबरात बाबांचा पहिला मराठी मेल आला. बाबा मिरजेला शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, आणि माझा भाचा त्यांना कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत नेऊन देवनागरी टाइप करायला शिकवत होता. महिनाभर बोट एकेका कळीवर ठेवून त्यांनी सराव केला, आणि मग मला पत्र लिहिलं. इकडे मिनेसोटात बाहेर गुडघाभर बर्फ, रात्रीचे अकरा, आणि माझ्या घरच्या लिनक्सवर ते पत्र उघडलं तर काय? 'किती'मधली पहिली वेलांटी क च्या आधी यायची सोडून क आणि त च्या मध्ये लटकलेली. 'आशीर्वाद'मधला रफार खाली उतरून पाय मोडक्या र च्या रूपात उभा. जोडाक्षर म्हणून एक धड नाही. ज्या माणसाने आयुष्यभर वेलांटी चुकली म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापला, त्याचंच पत्र असं!

मी काय केलं? चार ओळी इंग्रजीत खरडल्या. "बाबा, तिकडे टाइप करताना काहीतरी घोळ होतोय. तुम्ही इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल." झालं. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष बाबांचे मेल इंग्रजीत आले. "आम्ही सर्व ठीक आहोत, हवा गरम आहे, काळजी घे," एवढ्याच आशयाचे. मराठीत चार पानी पत्र लिहिणारा माणूस चार ओळींवर आला.

2007 मध्ये एका मित्राच्या घरी, त्याच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर, काहीतरी शोधताना तो जुना मेल सहज उघडला. बघतो तर एकेक वेलांटी जागच्या जागी! बाबांची चूक एकही नव्हती. घोळ माझ्याकडे होता. नुसता माझ्या कॉम्प्युटरमध्येच नाही, तर मी स्वतः दिलेल्या एका 'नाही' या उत्तरात होता. ते उत्तर मी कोणत्या प्रश्नाला दिलं, तो प्रश्न तसा का विचारला गेला, आणि असे प्रश्न विचारायची पद्धत मुळात आली कुठून, हे शोधता शोधता मी बराच मागे गेलो. त्याचीच ही गोष्ट.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. सॉफ्टवेअर दोन प्रकारे मिळतं. एक रेडीमेड शर्टासारखं: कोणीतरी शिवून ठेवलंय, तुम्ही घाला. दुसरं शिंप्याकडचं: कापड, म्हणजे सोर्स कोड, मिळतं आणि ते तुमच्या मशीनवर तुमच्या मापाने शिवायचं, म्हणजे कंपाइल करायचं. शिवताना शिंपी विचारतो ना, "खिसा एक की दोन? कॉलर कडक की मऊ?" तसे इथेही प्रश्न असतात. छपाईची सोय हवी? आवाज हवा? अमुक लायब्ररी वापरू? यांना बिल्ड ऑप्शन म्हणतात. आणि हे सगळं शिवणकाम आपणहून करणाऱ्या, एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजं शोधून आणणाऱ्या प्रोग्रामला म्हणायचं पॅकेज मॅनेजर. फरक एवढाच की शिंपी समोर उभा असतो. "कडक कॉलर म्हणजे काय हो?" असं त्याला विचारता येतं. इथे प्रश्न विचारणारा माणूस हजारो मैलांवर, आणि त्याच्या जागी फक्त एक ओळ: त्या ऑप्शनचं वर्णन. सगळी मदार त्या ओळीवर.

सुरुवातीला तर ती ओळही नव्हती. युनिक्सच्या जुन्या काळात प्रोग्रामबरोबर मेकफाइल नावाची एक फाइल यायची. ती उघडायची, आतल्या टिपा वाचायच्या, आणि आपल्या मशीनला लागू असतील त्या ओळींच्या पुढची खूण काढायची. आपल्या सरकारी फॉर्मवर असतं ना, "लागू नसेल ते खोडावे", अगदी तसंच. पण ते फॉर्म भरणारे आणि काढणारे एकाच बिरादरीतले होते. ज्याला मेकफाइल उघडता येते त्याला आतलं कळतंच, असं गृहीत होतं.

हा फॉर्म बदलून त्याची मुलाखत केली लॅरी वॉल यांनी. पुढे पर्ल या भाषेचे जनक म्हणून गाजले तेच हे. 1984 मध्ये त्यांनी 'आरएन' नावाचा न्यूज वाचायचा प्रोग्राम लिहिला आणि त्याच्याबरोबर 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट दिली. ती मशीनची जमेल तितकी तपासणी स्वतःच करायची आणि उरलेलं तुम्हाला विचारायची. 1987 मध्ये पर्ल आली तीही अशाच स्क्रिप्टसह. यातली मजा म्हणजे ती स्क्रिप्ट माणसासारखी बोलते. व्हीएमएस या प्रणालीवर युनिक्सचा आभास करून देणारं युनिस नावाचं एक प्रकरण होतं. ते तुमच्याकडे नसल्याचं आढळलं की स्क्रिप्ट तुमचं चक्क अभिनंदन करते! विनोद सोडा, पण प्रत्येक प्रश्नाबरोबर थोडं स्पष्टीकरण आणि एक तयार उत्तर असायचं. काही कळलं नाही तर नुसतं एंटर दाबा, बहुतेक वेळा बरोबर जमेल. प्रश्न विचारणाऱ्याने समोरच्याचं अज्ञान गृहीत धरलं होतं, आणि त्याबद्दल त्याला हिणवलं नव्हतं.

पण मुलाखतीला माणूस समोर बसलेला लागतो. 1991 च्या जूनमध्ये डेव्हिड मॅकेन्झी हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नूच्या बऱ्याच उपयुक्त प्रोग्राम्सची देखभाल करत होते. हे प्रोग्राम नवनव्या मशीनवर जात होते, आणि मेकफाइलमध्ये वापरणाऱ्याने निवडायच्या ऑप्शनची संख्या सुमारे 20 वर पोचली होती. लोकांना ते डोईजड होऊ लागलं. मॅकेन्झींनी तपासणी करणारी स्क्रिप्ट लिहिली, मग अशा स्क्रिप्ट आपोआप तयार करणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून ऑटोकॉन्फ उभं राहिलं. ही हकिगत त्यांनी स्वतःच ऑटोकॉन्फच्या मॅन्युअलमध्ये एका प्रकरणात लिहून ठेवली आहे. इतिहास लिहून ठेवणारा इंजिनिअर विरळाच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ऑटोकॉन्फने प्रश्न विचारणं बंद केलं. जे स्वतःला शोधता येतं ते शोधायचं, आणि उरलेलं माणसाने आधीच आज्ञेबरोबर सांगायचं. सांगायच्या दोन तऱ्हा. प्रोग्रामच्या स्वतःच्या एखाद्या सोयीसाठी 'एनेबल', म्हणजे अमुक सोय चालू कर. आणि बाहेरचं दुसरं पॅकेज वापरायचं असेल तर 'विथ', म्हणजे अमुक लायब्ररीसकट बिल्ड कर. वाटणी अगदी तर्कशुद्ध आहे. मदत मागितली की सगळ्या ऑप्शनची यादी येते, प्रत्येकासमोर एक छोटी ओळ.

माझ्या मते घोटाळ्याचं मूळ इथेच आहे. 'विथ'च्या पुढे जे नाव येतं ते लायब्ररीचं. ती लायब्ररी तुमच्यासाठी काय करते, हे त्या नावात नाही. आणि समोरची ओळ लिहिणारा प्रोग्रामर घाईत असतो. त्याला ती लायब्ररी रोजची. मग तो लिहितो, "अमुक लायब्ररीसाठी आधार". म्हणजे प्रश्न "अमुक हवं का?" आणि स्पष्टीकरण काय, तर "याने अमुक मिळेल". वर्गात "परोपकार म्हणजे काय?" या प्रश्नाला कोणी "परोपकार करणे म्हणजे परोपकार" असं उत्तर दिलं असतं, तर बाबांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये हीच अडचण फार मोठ्या प्रमाणात होती, कारण तिथे ऑप्शन शेकड्यांनी. त्यांच्या वर्णनांसाठी एक वेगळी मोठी फाइल असायची, आणि ती ॲक्सेल बोल्ड्ट यांनी बराच काळ सांभाळली. ज्यांनी नव्वदच्या दशकात कर्नल कंपाइल केलंय त्यांना त्यातला एक सल्ला नक्की आठवेल, "खात्री नसेल तर नाही म्हणा." माझ्या मते संगणकाच्या इतिहासातल्या उत्तम सल्ल्यांपैकी तो एक. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं होतं: याला हे कळणार नाही, मग याने काय करावं? 2002 मध्ये रोमन झिपेल यांची नवी व्यवस्था, केकॉन्फिग, कर्नलमध्ये आली आणि ती मोठी फाइल मोडून प्रत्येक वर्णन त्याच्या ऑप्शनच्या शेजारी जाऊन बसलं. बदल दिसायला किरकोळ. पण ऑप्शन बदलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आता त्याचं वर्णनही येऊ लागलं. दूरच्या फाइलमधलं वर्णन शिळं होत जातं, शेजारचं निदान खुपतं तरी.

आता पॅकेज मॅनेजरकडे येऊ. फ्रीबीएसडीमध्ये जॉर्डन हबर्ड यांच्या कामातून 1994 मध्ये पोर्ट्‌सची व्यवस्था आकाराला आली. कल्पना साधी आणि झकास: प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक फोल्डर, त्यात ते कुठून आणायचं, कसं दुरुस्त करायचं आणि कसं कंपाइल करायचं याची कृती. पाककृतीच म्हणा ना. तुम्ही फक्त "मेक इन्स्टॉल" म्हणायचं. पण इथे प्रश्न विचारणारा बदलला. मूळ प्रोग्राम लिहिणारा एक, पोर्ट सांभाळणारा दुसरा, आणि वापरणारा तिसरा. मधल्या माणसाने मूळ प्रोग्रामच्या ऑप्शनपैकी काही निवडायचे, त्यांना नाव द्यायचं, आणि वर्णनही त्यानेच लिहायचं. सुरुवातीला ही नावं पोर्टच्या मेकफाइलमध्ये वाचूनच शोधावी लागायची. 2000 नंतरच्या वर्षांत चौकटीचा पडदा आला: नावांची यादी, समोर एका ओळीत वर्णन, स्पेस दाबून खूण करायची.

तो पडदा ज्याने पाहिलाय त्याला पुढचा अनुभव सांगायला नको. रात्री मोठं पॅकेज लावून झोपायचं, आणि सकाळी उठून पाहावं तर पहिल्या दहा मिनिटांतच कुठल्यातरी आतल्या पॅकेजचा चौकटीचा पडदा उघडून बिचारा रात्रभर उत्तराची वाट बघत बसलेला! पुढे सगळे प्रश्न आधीच विचारून घ्यायची सोय आली. 2012 मध्ये ऑप्शनची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली गेली. आणि वारंवार लागणाऱ्या ऑप्शनची वर्णनं एका सामाईक फाइलमध्ये ठेवली गेली, म्हणजे एकच नाव दहा पोर्टमध्ये दहा तऱ्हांनी सांगितलं जाणार नाही.

याच पोर्ट्‌सपासून स्फूर्ती घेऊन डॅनियल रॉबिन्स यांनी लिनक्ससाठी पोर्टेज बनवलं आणि जेंटू हे वितरण उभं केलं. त्याची 1.0 आवृत्ती 2002 च्या मार्चअखेरीस आली. जेंटूने एक धाडसी गोष्ट केली. प्रत्येक पॅकेजला वेगळे प्रश्न विचारत बसण्याऐवजी, एकदाच साऱ्या मशीनसाठी सांगून ठेवा: मला छपाई हवी, केडीई नको, एलडॅप हवं. याला यूज फ्लॅग म्हणतात. पुढची हजार पॅकेजं त्याप्रमाणे कंपाइल होणार. एका वाक्यात साऱ्या घराचं शिवणकाम!

मात्र यात एक मेख आहे. एकच शब्द हजार ठिकाणी लागू करायचा, तर त्याचा अर्थ हजार ठिकाणी एक असायला हवा. म्हणून जेंटूने दोन याद्या केल्या. निदान पाच पॅकेजं एखादा फ्लॅग त्याच अर्थाने वापरत असतील तर तो सार्वत्रिक, नाहीतर स्थानिक. दोन्हींची वर्णनं मध्यवर्ती फाइलमध्ये. पण 'मिनिमल' या फ्लॅगचाच अर्थ घ्या. कमीत कमी म्हणजे काय? एका पॅकेजमध्ये फॉन्ट गाळले जातात, दुसऱ्यात प्लगइन, तिसऱ्यात ड्रायव्हर. "अगदी छोटं बिल्ड" एवढ्या वर्णनावरून आपल्या घरातलं काय जाणार हे कळत नाही. 2008 मध्ये यावर एक औपचारिक प्रस्ताव आला, ग्लेप क्रमांक 56. त्याने ठरवलं की फ्लॅगचं वर्णन त्या पॅकेजच्या स्वतःच्या माहितीपत्रात लिहावं, आणि फ्लॅग सार्वत्रिक असला तरी त्या पॅकेजपुरता नेमका अर्थ तिथे सांगता यावा. म्हणजे सहा वर्षांपूर्वी कर्नलने केलं तेच: वर्णन वस्तूच्या शेजारी.

चांगली ओळ कशी असते याचा जेंटूमधलाच एक नमुना. सुरक्षित जोडणीसाठी 'एसएसएल' हा फ्लॅग आहे आणि ती जोडणी ग्नूटीएलएस या लायब्ररीने करायची असेल तर वेगळा फ्लॅग. त्या दुसऱ्याच्या वर्णनात सांगितलंय की ही लायब्ररी सुरक्षित जोडणीसाठी पसंत केली जाईल, आणि एसएसएल बंद असेल तर या फ्लॅगचा काही परिणाम होणार नाही. इवल्याशा ओळीत काम काय, आणि कधी व्यर्थ, दोन्ही आलं. गंमत म्हणजे 'डॉक' नावाचाही एक फ्लॅग आहे, जादा डॉक्युमेंटेशनसाठी. म्हणजे माहिती हवी की नको हाही एक ऑप्शनच, आणि तो सगळीकडे चालू न ठेवता पॅकेजागणिक चालू करा असा सल्ला त्याच ओळीत दिलाय.

भाषांच्या बाबतीत तर आणखी एक सापळा. भाषांतरं बसवण्यासाठी गेटटेक्स्ट नावाची व्यवस्था आहे. कोणत्या भाषा हव्यात ते 'लिंग्वास' या नावाखाली सांगायचं, मराठीचं चिन्ह 'एमआर'. आता हे नाव मुळी सांगितलंच नाही, तर सगळ्या भाषा बसतात. पण सांगितलं आणि पुढची जागा रिकामी ठेवली, तर एकही बसत नाही! काहीच न बोलणं वेगळं आणि "काही नाही" असं बोलणं वेगळं. ज्याला कोणी हे सांगितलं नाही तो हमखास फसतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला फसल्याचा पत्ताही लागत नाही. फसतो तो दुसऱ्या भाषेचा माणूस.

आता माझ्या त्या 'नाही'कडे येतो. मी तेव्हा सोर्समधून कंपाइल करायचं एक वितरण वापरत होतो. कोणतं ते राहू द्या, आणि ब्राउझर कोणता तेही राहू द्या, कारण चूक त्यांची जितकी तितकीच माझीही. त्या काळी आम्हा मंडळींना एक खूळ होतं: जे जे बंद करता येईल ते बंद करा, मशीन हलकी होईल. ब्राउझरच्या ऑप्शनमध्ये एक होता, 'पँगो'. वर्णन: "पँगोसाठी आधार". आता पँगो म्हणजे काय मला काय ठाऊक! शिवाय तो चालू केला की पानं थोडी हळू उघडतात असं कुठेतरी ऐकलेलं. दिला ठोकून 'नाही'.

पँगो ही अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी आहे, ओवेन टेलर आणि राफ लेव्हियन यांच्या कामातून 1999 च्या सुमारास उभी राहिलेली. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो, मग वेलांटी. ती क च्या डावीकडे नेऊन ठेवायची, रफार वर चढवायचा, जोडाक्षरं जुळवायची, हे काम दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. माझ्या ब्राउझरमध्ये ते काम पँगो करायची. आणि नावाचा अर्थ? ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा. सर्व भाषा! "सर्व भाषा हव्यात का?" असं मला विचारलं होतं, आणि मी, मराठीच्या मास्तरांचा मुलगा, त्याला "नाही" म्हणालो होतो.

ऑप्शन चालू करून ब्राउझर पुन्हा कंपाइल केला. सगळं पूर्ववत. मग ते पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाला लिहिलं की वर्णन बदला, आणि मोठ्या ऐटीत नवी ओळ सुचवली: हा ऑप्शन बंद केला तर देवनागरी, तमिळ, अरबी आणि थाई लिपी चुकीच्या दिसतील. त्याचं उत्तर एका ओळीचं. यातल्या कोणत्या लिपी तुम्ही स्वतः तपासल्यात?

खरं सांगायचं तर फक्त देवनागरी. मग एका शनिवारी दोन्ही प्रकारे ब्राउझर कंपाइल केला. माझ्या जुन्या मशीनवर एका खेपेला चारेक तास, म्हणजे दिवस गेला. सोमवारी लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलो. तमिळ सहकाऱ्याला दोन्ही पानं दाखवली. तो लगेच म्हणाला, एकाराचं चिन्ह अक्षराच्या आधी यायला हवं, ते या पानावर मागे गेलंय. म्हणजे तमिळचं म्हणणं बरोबर. मग इजिप्तहून आलेल्या एका सहकाऱ्याला अरबी पानं दाखवली. त्याने दोन्ही वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारलं, "यात चूक कुठे आहे?"

चूक नव्हतीच! त्या ब्राउझरमध्ये अरबीसाठी पँगोपूर्वीपासूनची वेगळी सोय होती. थाई वाचणारं कोणी भेटलं नाही. म्हणजे मी लिहिलेल्या चार लिपींपैकी एक चूक आणि एक बेभरवशाची. "पँगोसाठी आधार" लिहिणाऱ्याला मी इतकी नावं ठेवली, पण त्याची ओळ निरुपयोगी असली तरी खोटी नव्हती. माझी खोटी होती. शेवटी ओळ अशी गेली: देवनागरी आणि तमिळ यांसारख्या भारतीय लिपी नीट जुळवण्यासाठी लागतो; बंद केल्यास मात्रा व जोडाक्षरं चुकीच्या जागी दिसतात. त्या माणसाने ती जशीच्या तशी घेतली. एका ओळीला एक शनिवार, दोन कंपाइल आणि दोन सहकाऱ्यांचा चहा लागला. ऑप्शनची वर्णनं इतकी वाईट का असतात, हे मला त्या दिवशी कळलं. वाईट ओळ फुकटात लिहून होते.

हा हिशोब पुढे वाढवला की वेगळंच चित्र दिसतं. प्रत्येक ऑप्शनला उत्तरं दोन, हो किंवा नाही. दहा ऑप्शन असले तर 1,024 तऱ्हांचे बिल्ड होतात. वीस असले तर 10,48,576. इतके कोण तपासणार? आणि तपासल्याशिवाय वर्णन खरं आहे हे कोण सांगणार? मॅकवर होमब्रू नावाचा पॅकेज मॅनेजर आहे, मॅक्स हॉवेल यांनी 2009 मध्ये सुरू केलेला. तिथेही पाककृतींना ऑप्शन असायचे, आणि व्हिडिओचं काम करणाऱ्या एफएफएमपेगला तर भरपूर. 2019 च्या फेब्रुवारीत होमब्रूची 2.0.0 आवृत्ती आली, आणि त्यांनी आपल्या मुख्य संग्रहातले सगळे ऑप्शन काढून टाकले. कारण सरळ होतं: इतक्या जोड्या त्यांच्या स्वयंचलित तपासणीत बसत नव्हत्या, तपासले जात होते ते फक्त तयार बिल्ड. ज्यांना वेगळं एफएफएमपेग हवं होतं ते चिडले, आणि ऑप्शनसकट ते देणारा वेगळा संग्रह लोकांनी उभा केला. तिकडे जेंटूनेही 2023 च्या डिसेंबरात तयार पॅकेजं मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. ऑप्शन मात्र तसेच ठेवले. ज्याला शिवून हवं त्याने शिवावं, ज्याला घाई आहे त्याने रेडीमेड घ्यावं.

कोणाचं बरोबर? मला वाटतं, ज्या प्रश्नाचं बरोबर उत्तर सगळ्यांसाठी एकच आहे तो प्रश्न विचारूच नये. माझा तो पँगोचा ऑप्शन आज उरलेला नाही. अक्षरजुळणी आता ब्राउझरच्या पोटातच असते, ती बंद करायची सोय कोणी विचारत नाही, आणि हे फार उत्तम झालं. पण उत्तर माणसागणिक खरोखर वेगळं असेल, तर प्रश्न ठेवावा आणि त्याच्या ओळीसाठी एक शनिवार खर्च करावा. ओळीत लायब्ररीचं नाव असो वा नसो, 'नाही' म्हटलं तर काय गमवाल हे मात्र असायलाच हवं. नाहीतर ते निवडीचं स्वातंत्र्य नाही, आंधळी कोशिंबीर आहे.

त्या 2007 च्या रविवारी मी बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी त्यांचं टाइपिंग चुकलेलं नव्हतं, माझ्या एका उत्तरामुळे ते चुकलेलं दिसत होतं. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, मी त्या कॅफेवाल्याला तीनदा दाखवून घेतलं होतं. तो म्हणायचा, गुरुजी, बरोबर आहे. मला वाटलं, तोही मला बरं वाटावं म्हणून सांगतोय."

मला काही बोलता येईना. मग मी त्यांना ऑप्शन, लायब्ररी वगैरे समजावत बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण 'नाही' म्हटलं तर मराठी मोडेल, हे तिथे लिहून का ठेवलं नव्हतं?"

पुढच्या आठवड्यात मेल आला. मराठीत, लांबलचक. गच्चीची गळती, आत्याच्या नातवाची मुंज, शाळेचे जुने विद्यार्थी भेटल्याची हकिगत. आणि शेवटी ताजा कलम: वेलांट्या तपासून कळव.

सगळ्या तपासल्या. एकही चुकली नव्हती.